भुवईची सही

सोमवारी छकूताईंचं केस कापायचं दुकान बंद असे, आणि त्यामुळेच आठवड्यातली सगळ्यात जास्त बडबड तिथं सोमवारी दुपारी चाले. शटर अर्धं खाली ओढायचं, केस वाळवायच्या खुर्च्या भिंतीपासून फिरवायच्या, त्यांच्या डोक्यावरची घमेल्यासारखी टोपणं मागं सारायची आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर हॉलिवूडचा एखादा जुना, काळा-पांढरा सिनेमा लावायचा, असा शिरस्ता होता. प्रेक्षक मोजकेच. स्वतः छकूताई, समोरच्या बेकरीची मालकीण असलेली त्यांची शाळेपासूनची मैत्रीण, आणि अलीकडे येऊ लागलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे तपासनीस म्हणत.

सिनेमातल्या बायकांची खरी नावं या दोघी मैत्रिणींनी कधी घेतली नाहीत. लहानपणी ती परदेशी नावं जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती, आणि साठी उलटली तरी तीच चालू होती. एक जण प्रत्येक सिनेमात लांब झगा सावरत जिना उतरून खाली येई, ती जिनेवाली. एक जण ढसाढसा रडे, पण तिचं नाक कधी लाल होत नसे, ती मुसमुस. मुसमुस बेकरीवालीची. तिला नावं ठेवायची तर आधी बेकरीवालीची परवानगी काढावी लागे. आणि छकूताईंची होती भुवई. या बाईची डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर असे. समोरचा पुरुष जे सांगतोय त्यातलं निम्मं तरी खोटं आहे, हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखी. नायकानं गुडघे टेकले तरी ती भुवई काही खाली यायची नाही.

छकूताईंनी तिच्याकडून दोन गोष्टी उचलल्या. एक तिच्या केसांची लाट, जी त्यांनी आपल्या रस्त्यावरच्या आज्या, लेकी आणि नातींच्या डोक्यावर उमटवली. दुसरी ती भुवई. भाजीवाला ‘आजचीच आहे’ म्हणाला, खुर्चीतली बाई ‘हा माझा मूळचाच रंग’ म्हणाली, की आरशात छकूताईंची डावी भुवई वर जाई. लोक हसत, पण त्यांच्यापुढे थाप मारताना जरा अडखळत.

एकाच माणसापुढे ती भुवई कधी वर गेली नव्हती. ते म्हणजे दादा, त्यांचे थोरले भाऊ, दुकानाच्या वरच्या खोलीत राहणारे.

दुकानातल्या मोठ्या आरशाच्या वर, मधोमध, भुवईचा फोटो टांगलेला होता. खांद्यावरून मागं वळून पाहणारा चेहरा, आणि खाली उजवीकडे काळ्या शाईत सही. सहीखालून एक लांब फराटा निघे, नावाच्या शेवटापर्यंत जाई आणि तिथं स्वतःभोवती एक छोटासा वेढा घेऊन थांबे. नवीन गिऱ्हाइकाला छकूताई तो फोटो दाखवत आणि सांगत, “मला पाठवलाय तिनं. मी आजारी होते ना.”

ते खरंच होतं. छकू चौदा वर्षांची असताना तिच्या सांध्यांत ताप शिरला आणि अख्खा हिवाळा ती अंथरुणाला खिळली. दादा तेव्हा सिनेमा थिएटरच्या पेंटरच्या हाताखाली उमेदवारी करत. थिएटरवर लावायच्या त्या अवाढव्य चित्रांना चौकटी आखायच्या, मागचं आभाळ भरायचं, मग हळूहळू चेहरे. संध्याकाळी घरी आले की अंगाला टर्पेंटाइनचा वास, आणि तोंडात सिनेमातल्या बायकांची टिंगल. “तुझ्या त्या भुवईच्या नाकपुडीशेजारी बसून आज डबा खाल्ला मी,” ते म्हणत. “जवळून बघ म्हणजे कळेल. कसलं आलंय सौंदर्य! चुन्याचा डोंगर नुसता.” छकू उशीत तोंड खुपसून हसे, आणि मग चिडे.

तिनं भुवईला पत्र लिहिलं. पत्ता दादांनी थिएटरातल्या एका मासिकावरून उतरवून घेतला आणि पाकीट त्यांनीच पोस्टात टाकलं. मग छकू वाट बघत राहिली. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मान वर, घंटी पुढं गेली की तोंड भिंतीकडे. होता होता तिनं जेवण टाकलं. आई रडकुंडीला आली. आणि एका दुपारी दादा एक जाड पाकीट घेऊन आत आले. पोस्टमन दारातच भेटला, म्हणाले. पाकिटावर तिकिटं होती का, कुणाचं अक्षर होतं, हे छकूनं पाहिलंच नाही. तिनं ते फाडलं, फोटो छातीशी धरला, आणि पाकीट आईनं शेगडी पेटवायला घेतलं. त्या संध्याकाळी छकूनं जेवण मागून घेतलं.

ही गोष्ट छकूताईंनी इतक्यांदा सांगितली होती की तिच्यात कुठं भोक असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते भोक तपासनिसांनी दाखवलं.

तपासनिसांची सगळी हयात एका बँकेत सह्या जुळवण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी नजर निवृत्त झाली नव्हती. बेकरीत पाव घ्यायला येत. बेकरीवालीनं त्यांना जिनेवालीबद्दल हळहळताना ऐकलं आणि सोमवारी बोलावून घेतलं. त्या दिवशी सिनेमा संपला, तसे ते चष्मा कपाळावर चढवून आरशाजवळ गेले आणि फोटोकडे बराच वेळ बघत राहिले.

“ही सही कुणाची?”

“कुणाची म्हणजे? तिचीच,” छकूताई म्हणाल्या.

“तुमच्यासमोर केली?”

“ती सातासमुद्रापार, मी अंथरुणात. समोर कशी करेल?”

“म्हणजे नाही,” तपासनीस म्हणाले. जणू त्यांनी एक रकाना भरला. “नाही, त्याचं काय आहे, या बायकांना पोत्यानं पत्रं यायची. सह्या करायला कंपनीच्या कारकून बायका बसवलेल्या असायच्या. कधी नुसता शिक्का.”

“हा शिक्का नाही. शाई बघा, कुठं जाड, कुठं बारीक.”

“शिक्का नाहीच. हात आहे.” ते आणखी जवळ वाकले. “आणि हा हात मी कुठंतरी पाहिलाय. अगदी रोज पाहतो.”

ते वळले, अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर बघितलं आणि बोट केलं. समोर बेकरीची पाटी होती. पिवळ्यावर लाल अक्षरं, आणि अक्षरांखालून एक लांब फराटा, शेवटी एक छोटासा वेढा घेऊन थांबलेला.

“अगं बाई,” बेकरीवाली म्हणाली, “ती तर दादांनी रंगवलीय.”

टीव्हीवर नावांची यादी वर सरकत होती.

“मी काही म्हणत नाही,” तपासनीस म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

छकूताई दाराशी उभ्या राहून पाटीकडे बघत राहिल्या. दुकान थाटल्यापासून ती पाटी त्यांच्या समोर होती. पण दिवसभर त्या रस्त्याकडे पाठ करून उभ्या. रस्ता दिसायचा तो आरशात, आणि आरशात सगळं उलटं. उलट्या फराट्याकडे कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्या फेरफटका मारून आल्या. औषधांच्या दुकानावर फराटा. चपला शिवणाऱ्याच्या पाटीवर फराटा. मोटार शिकवणाऱ्या शाळेवर, दाताच्या डॉक्टरच्या दारावर, शवपेट्या विकणाऱ्याच्या फळीवरसुद्धा, वेढ्यासकट. सगळा भाग जणू भुवईनं सही करून दिला होता. किंवा भुवईची सही या भागात तयार झाली होती.

दादांना ते जमण्यासारखं होतं. हात होता. फोटो मिळण्याची सोय होती, थिएटरात कंपनीचे फोटो पडलेलेच असायचे. आणि कारण तर होतंच. ते कारण चौदा वर्षांचं होतं आणि जेवत नव्हतं. पाकीट त्यांनीच पोस्टात टाकलं, त्यांनीच आत आणलं. सिनेमात असतं तर पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकांना कळलं असतं. सिनेमात माणूस खोटं बोलायला लागला की मागं व्हायोलिन तरी वाजतं. घरात कुठून वाजणार?

छकूताईंनी ही गोष्ट बेकरीवालीपाशी काढली. बेकरीवाली पिठाचे हात झटकत म्हणाली, “असं समज की त्यांनीच केली सही. मग? तुझ्या भल्यासाठीच केली ना? तू जेवायला लागलीस.”

“हेच मला टोचतंय.”

“काय टोचतंय त्यात? माझा भाऊ तर माझ्यासाठी कधी पेन्सिलला टोकसुद्धा करायचा नाही.”

“माझ्या भल्यासाठी अजून काय काय केलं असेल त्यानं?” छकूताई म्हणाल्या. “आई शांतपणे गेली, असं मला कुणी सांगितलं? दादानं. आणि तो घड्याळवाला?”

बेकरीवाली पुन्हा पिठाकडे वळली. घड्याळवाला म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा एक तरुण. छकूताई पंचविशीच्या असताना त्यानं त्यांच्यामागं दोन वर्षं घातली, मग मोठ्या शहरात दुकान टाकायला गेला. पत्र लिहितो म्हणाला होता. ‘त्याचं पत्र काही आलं नाही, छकू,’ असं दादा म्हणाले होते. छकूताईंनी त्यावर विश्वास ठेवला, आणि मग लग्नाचा विषय कधी काढू दिला नाही.

“एक सही खोटी निघाली,” त्या म्हणाल्या, “तर मी बाकीच्या कुठल्या खऱ्या धरू?”

त्यात घाई अशी होती की रविवारी दादा जाणार होते. वहिनी गेल्यापासून ते वर एकटेच राहत. आता हात थरथरू लागले होते, जिना चढताना दम लागे, म्हणून दादांची मुलगी, छकूताईंची भाची, त्यांना आपल्या गावी घेऊन जाणार होती. विचारायचं तर रविवारच्या आत. नाही विचारलं तर हा संशय त्यांच्याबरोबर गाडीत बसून जाणार, आणि छकूताई इथं आरशासमोर त्या फोटोखाली जन्मभर उभ्या राहणार.

पण सरळ विचारतील तर त्या छकूताई कसल्या! भुवईनं कधी कुणाला सरळ विचारलं होतं?

त्यांनी दादांना खाली बोलावलं. “जायच्या आधी एक पाटी करून दे मला. ‘सोमवारी बंद’. जुनी पार उडालीय.”

“माझा हात बघ की,” दादा म्हणाले. “कंपवाताची पाटी होईल.”

“होऊ दे. तुझ्या हातची असली म्हणजे झालं.”

दादा स्टुलावर बसले, फळी गुडघ्यांवर घेतली, ब्रश बुडवला. छकूताई पाठमोऱ्या उभ्या राहून कंगवे पुसत होत्या, नजर आरशात. अक्षरं खरंच थरथरली. एकेक रेघ ओढताना दादा दम धरत, तरी कडा दातेरी येत होत्या. मग त्यांनी ब्रश उचलला, मनगट सैल सोडलं आणि अक्षरांखालून एका झटक्यात फराटा ओढला. वेढ्यासकट. तो मात्र तसूभरही थरथरला नाही.

“छान आहे रे,” छकूताई आरशातच म्हणाल्या. “हा फराटा कुठून आला?”

“कुठून म्हणजे? हातातून.”

“तसं नाही. कुणाकडून शिकलास?”

दादांचे कान लाल झाले. लहानपणापासून त्यांचं तसंच होतं. बाकीचा चेहरा सांभाळता येई, पण कान हाताबाहेर जात. “पेंटर लोक असलं काहीबाही काढतातच,” ते म्हणाले, ब्रश चिंधीत गुंडाळला आणि पाटी ओली असतानाच उठले. “बांधाबांध राहिलीय अजून.”

“मी येते वर मदतीला.”

“नको,” दादा जरा जोरातच म्हणाले. “माझं मी भरतो. तू वर येऊ नकोस.”

जिन्यावर त्यांची पावलं वाजली आणि मग दाराला आतून कडी. त्या घरात दिवसाढवळ्या कुणी कडी लावल्याचं छकूताईंना आठवत नव्हतं.

उरलेला आठवडा त्या घरात दोन गुप्तहेर राहत असावेत तसा गेला. छकूताई जेवणाचा डबा वर नेत, तर दादा अर्ध्या जिन्यातच तो हातातून घेत. वरून काहीतरी घासल्याचा आवाज येई आणि त्यांची चाहूल लागली की थांबे. “कसला आवाज होता रे?” विचारलं तर “उंदीर.” उंदरानं सँडपेपर कधीपासून वापरायला घेतला, असं छकूताईंच्या ओठांवर आलं, पण त्यांनी ते गिळलं. दोघं एकमेकांशी फार गोड बोलत होते. हवापाण्याबद्दल, औषधांबद्दल. इतकं गोड त्यांच्यात पूर्वी कधी नव्हतं, आणि त्याचाच छकूताईंना जास्त संशय येत होता.

तपासनीस एकदा पाव घेऊन जाता जाता दुकानात डोकावले. “मग? काही कळलं?”

“तुम्ही काही म्हणत नव्हता ना?”

“नाहीच म्हणत. पण बँकेत आमचा एक अनुभव होता. खोटी सही करणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच निघायचा.”

“केस वाढलेत तुमचे,” छकूताई म्हणाल्या. “बसा, कात्री हातातच आहे.” तपासनीस बसले नाहीत.

रविवारी सकाळी भाची गाडी घेऊन आली, मागोमाग सामानाचा टेंपो आणि दोन हमाल. पेट्या उतरल्या, गादी उतरली, वहिनींचं शिलाई मशीन उतरलं. छकूताई खाली दाराशी उभ्या राहून प्रत्येक वस्तू नजरेखालून घालत होत्या. मग वरून वादाचा आवाज आला.

“बाबा, कपाट न्यायचंच. आईचं आहे ते.”

“राहू दे म्हटलं ना. जड आहे. तुझ्याकडे जागा कुठाय?”

“जागा मी केलीय. हमालांना पैसे कशाला देतोय आपण?”

“अगं, पाय मोडलाय त्याचा. हलवलं तर कोसळेल.”

“कुठला पाय? चारही धड आहेत.”

छकूताई जिन्याकडे वळल्या. त्यांना वर जायला मनाई होती, पण हमालांना नव्हती, आणि कपाट सरकल्याचा खरखराट ऐकू आल्यावर मनाई पाळायला त्या काही लहान नव्हत्या. त्या दारात पोचल्या तेव्हा कपाट भिंतीपासून निघालं होतं.

“आत्या, हे काय गं?” भाची म्हणाली.

कपाटामागच्या भिंतीवर फराटे होते. छातीच्या उंचीपासून जमिनीपर्यंत, एकाखाली एक, काळ्या, लाल, निळ्या रंगांत; ज्या दिवशी जी पाटी रंगवली असेल तिचा उरलेला रंग असावा. वरचे वेडेवाकडे, मध्येच तुटलेले, वेढा कुठं चपटा, कुठं फुगीर. खाली खाली ते सुधारत गेले होते, आणि जमिनीजवळचे तर हुबेहूब फोटोतले. कडेचे काही सँडपेपरनं खरवडायचा कुणीतरी प्रयत्न केला होता; हात दमल्यावर सोडून दिला होता.

“तुम्ही कपाट खाली न्या,” छकूताई हमालांना म्हणाल्या. “आणि तूही जा गं, त्यांच्यावर लक्ष ठेव. जिन्याचा कठडा ओरबाडतील.”

भाची दोघांकडे आळीपाळीनं बघत खाली गेली. दादा खाटेच्या उघड्या पट्ट्यांवर बसले होते. कान लालभडक.

छकूताई भिंतीजवळ गेल्या. सापडलं, असं त्यांना वाटलं. आता हातात पुरावा आहे, याच्याहून स्पष्ट काय असणार. त्यांनी सगळ्यात वरच्या फराट्यावर बोट ठेवलं. त्यावर पेन्सिलीच्या फिकट चौकटी होत्या, पेंटर लोक लहान चित्र मोठं उतरवताना आखतात तशा. आणि बोट तसंच ठेवून त्या थांबल्या. ही भिंत. ही खोली. ही खोली तर दादांच्या लग्नाच्या वेळी बांधली. तेव्हा छकूताई कामाला लागलेल्या होत्या, स्वतःच्या पहिल्या कमाईतून त्यांनी या खिडकीचे पडदे शिवून घेतले होते. फोटो आला तेव्हा इथं नुसतं पत्र्याचं छप्पर होतं आणि छपरावर मांजरं.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तू सहीची नक्कल कधी करायला लागलास?”

“लग्नानंतर.”

“म्हणजे फोटो आल्यावर. कितीतरी वर्षांनी.”

“फोटो आल्याशिवाय नक्कल कशाची करणार?” दादांना त्यांचा रोख कळला नव्हता. मग कळला. त्यांनी मान वर केली. “तुला काय वाटलं, मी केली ती सही?”

छकूताईंनी भिंतीवरचं बोट काढून घेतलं.

“आठवडाभर हेच घेऊन बसली होतीस?”

“तू कडी लावून घेतलीस. कान लाल करून बसलास. मी काय समजायचं?”

“मला लाज वाटत होती,” दादा म्हणाले. “एवढा मोठा बाप्या, संसारी माणूस. तेव्हा फोटो तुझ्या खोलीत असायचा. तू कामाला गेलीस की इथं आणायचो, आणि तू यायच्या आत परत टांगायचो. तुझ्या वहिनीला माहीत होतं. कपाट सरकवायला तीच हात लावायची. म्हणायची, दुसऱ्याचे नवरे सवत आणतात, माझ्या नवऱ्यानं सवतीची सही आणली.”

छकूताईंना हसू आलं, पण त्यांनी ते पुरतं येऊ दिलं नाही. “आणि तिची टिंगल? चुन्याचा डोंगर?”

“मग काय म्हणणार होतो? पेंटरच्या हाताखालची सगळी पोरं एकमेकांना हसायला टपलेली.” दादांनी थरथरते हात मांडीखाली घातले. “तुला सांगू, ती डावी भुवई सगळे पेंटर सरळ करून टाकायचे. त्यांना वाटायचं मूळ फोटोत चुकलीय. मी रंगवली तेव्हा वर ठेवली. उस्ताद ओरडला. मी तशीच ठेवली. तिनं समोर बघितलं तर तिला कळायला हवं ना, की ही आपणच.”

खालून भाचीचा हमालांना दटावणारा आवाज येत होता. छकूताई खाटेवर दादांच्या शेजारी टेकल्या.

“ती सही तिचीच आहे का पण?”

“ते मला काय ठाऊक? तिची असेल, तिच्या कारकून बाईची असेल. मी तिची धरली. आणि सगळ्या भागाला चिकटवून दिली.”

छकूताईंनी ते मान्य केलं. पण एवढ्यावर उठणं त्यांना जमेना. तोंड उघडलंच होतं, तर आता सगळंच विचारून घ्यायचं होतं.

“घड्याळवाल्याचं पत्र खरंच आलं नव्हतं?”

दादांनी खिडकीकडे पाहिलं. कान या वेळी लाल झाले नाहीत. “पत्र आलं नव्हतं. ते खरं. पण मी त्याच्याकडे जाऊन आलो होतो. तुला सांगितलं होतं, रंग आणायला चाललोय. त्यानं तिथं लग्न केलं होतं. दुकानातच बसली होती ती, गल्ल्यावर. मला चहा दिला तिनं.”

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस.”

“नाही.”

“का?”

“पत्र आलं नाही म्हटलं, तर तू त्याला विसरशील असं वाटलं. लग्न केलं म्हटलं, तर स्वतःला कमी समजशील. चुकलंच माझं. तू विसरलीच नाहीस.”

छकूताई पडद्याच्या कडेची निसटलेली शिवण बोटांनी कुरतडत राहिल्या. राग आला होता. इतक्या वर्षांचा शिळा राग, आणि तो करायला समोर असा म्हातारा, ज्याचे हात मांडीखाली दाबूनही हलत होते. “मला सांगायला हवं होतंस,” त्या शेवटी म्हणाल्या. “मी काय करायचं ते मी ठरवलं असतं.”

“हो.”

“आईचं तरी?”

“आई झोपेत गेली. अगदी तसंच.”

तेवढं त्यांनी खरं धरलं. मग त्यांच्या मनात दुसरंच काही चमकलं आणि त्यांनी दादांकडे वळून पाहिलं. “पेंटरच्या हाताखाली असतानाच ती तुला आवडायची तर. म्हणजे माझ्याआधीपासून.”

“असेल.”

“पत्ता तू लिहिलास. पाकीट तू बंद केलंस.”

“हं.”

“दादा, पाकिटात माझं एकटीचंच पत्र होतं ना?”

आता कान पुन्हा लाल झाले. “दोन होती,” दादा म्हणाले.

छकूताई उठून उभ्या राहिल्या. “आणि फोटो एकच आला.”

“एकच आला.”

“त्यावर माझं नाव नाही. कुणाचंच नाव नाही. नुसती सही.”

“मी कधी म्हटलं माझा आहे म्हणून?” दादा म्हणाले. “तू जेवत नव्हतीस. मी पाकीट आणलं आणि तुझ्या हातात दिलं. विषय संपला.”

“तुझ्यासाठी संपला असेल. इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय, मला पाठवलाय म्हणून.”

“तुलाच पाठवलाय. माझं पत्र काही बरं नव्हतं. पाय घसरून पडलो शिडीवरून, असलं काहीतरी लिहिलं होतं. तिला दया यावी म्हणून.”

“मग तर तुलाच पाठवला असेल,” छकूताई म्हणाल्या आणि तरातरा खाली गेल्या.

भाचीनं पाहिलं तर आत्या खुर्चीवर चढून आरशावरचा फोटो उतरवत होती. तिनं तो पुसला, गिऱ्हाइकाच्या गळ्याशी बांधायच्या धुतलेल्या टॉवेलात गाठ मारून गुंडाळला, वरून दुसरा टॉवेल, आणि तोवर खाली येऊन गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या दादांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

“हे काय?” दादा म्हणाले.

“सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. आधी तू. तुझी बाकी जास्त आहे.”

“राहू दे, छकू. गिऱ्हाइकं विचारतील.”

“विचारू देत. आणि परत पाठवायचा तो पोस्टानं नाही. मी स्वतः येईन न्यायला.”

“पोस्टाचा भरवसा नाही?”

“नाही.”

“आणि माझा?”

छकूताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डावी भुवई वर गेली. या माणसापुढे ती पहिल्यांदाच अशी उघडउघड वर जात होती, आणि दोघांनाही त्याचं काही वाईट वाटलं नाही.

“बघू,” त्या म्हणाल्या.

भाचीनं गाडी चालू केली. टेंपो पुढं निघाला, त्याच्या मागं गाडी. छकूताई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. दादा फोटो मांडीवरच ठेवतात की बाजूच्या पिशव्यांत कोंबतात, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. समोरून बेकरीवाली पावाची पिशवी घेऊन धावत येत होती, थांबा थांबा म्हणत, पण छकूताईंनी तिकडे पाहिलं नाही. गाडी औषधांच्या दुकानापर्यंतही पोचली नव्हती, तोच मागच्या काचेतून त्यांना दिसलं की दादांनी एक टॉवेल काढून बाजूला टाकलाय आणि दुसऱ्याची गाठ सोडायला घेतलीय.